बॅटरीपासून वीतभर

"भोक पाडायचं न्हाई म्हंजे न्हाई, रेवणप्पा. देवीच्या म्होरं गाडी उभी करायच्या आधी तिच्या अंगाला टोच्या लावायचा न्हाई. आमच्यात चालत न्हाई ते."

माझ्या हातात ड्रिल होतं आणि ते सुरूही झालं होतं. हे बोलले माझे व्याही, चन्नबसप्पा. दुकानासमोर प्लास्टिकच्या खुर्चीत बसून, कपाळावर विभूती, मांडीवर हात ठेवून. आवाज चढवला नाही. निलंग्यात त्यांचं कापडाचं दुकान आहे आणि घरात किंवा दुकानात आवाज चढवायची गरज त्यांना कधी पडलेली मी पाहिली नाही. मी ड्रिलचं बटण सोडलं.

गाडी नवी कोरी, सात सिटांची. आदल्या दिवशी लातूरच्या शोरूममधून काढलेली, सिटांवरचं प्लास्टिकसुद्धा तसंच होतं. रात्री सगळे माझ्याकडेच मुक्कामाला होते: व्याही, जावई वीरेश, माझी मुलगी सुकन्या आणि मला अज्जा म्हणणारी पाच वर्षांची नात मंजू. शुक्रवारी सकाळी माहूरला निघायचं, रेणुकामातेपुढं गाडी लावायची, पूजा करायची. आणि जावयाची हौस अशी की वाटभर गाणी वाजवत जायचं. त्यासाठी त्यानं हैदराबादहून ॲम्प्लिफायर आणि बारा इंची वूफर मागवलेलं. सासरा तीस वर्षं गाड्यांचं वायरिंग करतो, लातुरात नांदेड रोडला त्याचं दुकान आहे, मग बसवणार कोण?

लोक मला चिडका म्हणतात. म्हणू देत, खोटं नाही ते. पण मी चिडतो ते उगीच नाही. ह्या ॲम्पबरोबर खोक्यात जी वायर येते ती दिसायला अंगठ्याएवढी जाड असते. गिऱ्हाईक बघूनच खूश. मी ब्लेडनं वरचं रबर सोललं की आत करंगळीएवढीही तार निघत नाही, आणि ती खरवडली की पांढरी. वरून तांब्याचं पाणी, आत ॲल्युमिनियम. वीरेशच्या खोक्यातली तसलीच होती. ती मी कचऱ्यात टाकली आणि माझ्याकडची पंचवीस स्क्वेअर एमएमची शुद्ध तांब्याची काढली. ॲम्पच्या पाठीवर चाळीसचे दोन फ्यूज, म्हणजे ऐंशी अँपिअर. गाडीच्या नाकापासून डिकीपर्यंत पाच मीटर. तेवढ्याला ही वायर पुरून उरते. तिथवर सगळं माझ्या मनासारखं होतं.

फ्यूजचं मात्र लोकांना उलटंच वाटतं. त्यांना वाटतं फ्यूज मशीनला वाचवतो. अहो, मशीनला वाचवायला मशीनच्या पाठीवर त्याचा त्याचा असतो की! मोठा फ्यूज असतो वायरीसाठी. म्हणून तो बॅटरीपासून वीतभर अंतरावर बसला पाहिजे. बॅटरी आणि फ्यूज ह्यांच्या मधल्या वायरीला कुणी वाली नसतो. तेवढा तुकडा कुठं सोलला आणि पत्र्याला टेकला की बॅटरीतला सगळा करंट त्यातून धावतो, वायर शेगडीच्या कॉइलसारखी लाल होते, आणि तिला थांबवणारं कुणी नसतं. गालिचा पेटतो, सीट पेटते. तो तुकडा जितका आखूड तितकं बरं. ह्या एका गोष्टीवरून मी किती गिऱ्हाइकं परत धाडली त्याची गणती नाही.

आता फ्यूजचा डबा बॅटरीजवळ बसवायचा तर पत्र्यात दोन स्क्रू जातात; इंजिनाच्या उष्णतेत आणि थरथरीत नुसत्या पट्टीनं तो टिकत नाही. वायर इंजिनाकडून आत घ्यायची तर मधल्या पत्र्याला अंगठ्याएवढं भोक पडतं, त्यात रबराची कडी बसते. ह्याला दुसरी वाट नाही.

"अण्णा, रबर टाकतो. दिसणार बी न्हाई," मी म्हणालो.

"दिसायचा सवाल न्हाई."

"निदान फ्यूजला दोन स्क्रू तर..."

"रेवणप्पा."

बस, एवढंच. नुसतं नाव घेतलं. मी सुकन्याकडं बघितलं. ती दुकानाच्या पायरीवर मंजूची वेणी घालत होती. तिनं माझ्याकडं बघितलं आणि मान खाली घातली. मी पुन्हा एकदा बघितलं. तिनं वर पाहिलं नाही.

दुसरं कुणी असतं तर 'उचला गाडी आन् जावा दुसरीकडं' म्हणून मोकळा झालो असतो. पण मी पडलो मुलीचा बाप. सुकन्याचं लग्न होऊन सात वर्षं झाली. ह्या सात वर्षांत व्याह्यांपुढं माझ्या तोंडून 'बरं' सोडून दुसरा शब्द निघालेला नाही. लातूरच्या रस्त्यावर ट्रकवाल्यांशी भांडणारा मी, निलंग्याच्या उंबऱ्यात पाय ठेवला की मांजर व्हायचो. गंगम्मा, माझी बायको, त्यावरून मला हसायचीसुद्धा.

"बरं," मी म्हणालो.

मग जे करायचं नाही ते केलं. बॅटरी डाव्या बाजूला होती. तिथून वायर मडगार्डच्या आतल्या बाजूनं आणून पुढच्या डाव्या दाराच्या बिजागरीच्या फटीतून आत घेतली, गालिच्याखालून सरकवली, आणि फ्यूजचा डबा पुढच्या सीटखाली पट्टीनं बांधला. म्हणजे बॅटरीपासून फ्यूजपर्यंत दोन मीटर वायर उघडी, बिनधन्याची. आणि ती अशा जागेतून गेलेली की दार उघडलं, लावलं की घासणार. त्या घासायच्या जागी वायरीवर चढवायला म्हणून मी जाड काळ्या नळीचा हातभर तुकडा कापून बेंचवर ठेवला. एवढी नळी असली तर माहूरहून परत येईपर्यंत निभेल, मग आले की नीट करू, असं मनाला समजावलं.

"साडेधाला राहुकाळ लागतोय," चन्नबसप्पा उठून उभे राहिले. "त्याच्या आधी चाकं हलली पायजेत."

दहा वाजून दहा मिनिटं झाली होती. एकदम धावपळ उडाली. गंगम्मा आरतीचं ताट घेऊन आली, चाकांखाली लिंबं ठेवली, नारळ फोडला, मंजूनं तोंडात खोबरं कोंबलं. मी डिकीत वाकून शेवटच्या दोन तारा कसत होतो. वीरेशनं पेनड्राइव्ह लावला आणि असा दणका आला की समोरच्या टपरीवरच्या बरण्या हलल्या. मंजू कानांवर हात ठेवून खिदळायला लागली.

"बापू, आवाज जरा दाबून ठेवा," मी वीरेशला ओरडून सांगितलं.

"मामा, आवाजासाठीच तर घेतलाय!"

दहा वीसला गाडी निघाली. पुढं डाव्या सीटवर चन्नबसप्पा, त्यांच्या मागं मंजूला मांडीवर घेऊन सुकन्या.

अकराच्या सुमाराला मी बेंच आवरायला घेतला. पक्कड जागेवर ठेवली, टेपचं रीळ उचललं, आणि त्याच्याखाली ती नळी. हातभर, काळी, जशी कापली तशी.

मी खाली बसलो, मग उठलो, मग नळी हातात घेऊन उगीच दुकानाच्या दारापर्यंत गेलो आणि परत आलो. तीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं. वायर बिजागरीत नुसती होती. दार उघडलं की पत्र्याची धार तिच्यावरून फिरणार, लावलं की फिरणार. आणि तिच्या पुढं दोन मीटरपर्यंत फ्यूज नाही.

वीरेशला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. सुकन्याला लावला. तोही वाजत राहिला. चन्नबसप्पांचा बंदच, देवाला निघाले की ते फोन बंद करतात. परत वीरेश, परत सुकन्या. 'गाडी थांबवा, गाणं बंद करा, डावं दार उघडू नका' असं लिहून पाठवलं. व्हॉट्सॲपवर दोन खुणा आल्या, निळ्या काही होईनात. नवव्या की दहाव्या फोनला माझ्या डोक्यात प्रकाश पडला. त्यांना ऐकू येणारच नाही. बारा इंची वूफर त्यांच्या पाठीमागं धडधडतंय, ते मी बसवलंय, आणि चांगलं बसवलंय.

"कुणाला सारखा फोन लावून राहिलात?" गंगम्मा मागच्या दारातून आली. आमचं घर दुकानाला लागूनच आहे.

मी तिला नळी दाखवली आणि सगळं सांगितलं. तीस वर्षं मेकॅनिकच्या घरात काढलेली बाई, तिला जास्त समजवावं लागलं नाही.

"यव्वा!" ती तिथंच टायरवर बसली. "मंग सांगा की त्यांना."

"उचलंनात."

"आन् उचलला तर काय सांगणार? देवीला निघालेल्या माणसाला तुमची गाडी पेटंल म्हणून? नव्या गाडीला? अण्णा काय म्हणतील? जन्मभर पोरीला ऐकावं लागंल, तुझ्या बापानं वाटंला लावतानाच अपशकुन केला म्हणून."

ती खाली बघत राहिली. मग तिनंच माझ्या मोटारसायकलची किल्ली खिळ्यावरून काढली आणि माझ्या हातात कोंबली.

"जावा. मागं जावा तुम्ही. मी फोन लावत ऱ्हाते."

साडेअकराला निघालो. माझी गाडी बारा वर्षांची, साठच्या वर गेली की थरथरते. मी तिला थरथरू दिलं. दर गावाला कडेला थांबायचो, फोन लावायचो, वाजू द्यायचो, परत किक मारायचो. डोक्यात एकच चालू होतं: आतापर्यंत दार किती वेळा उघडलं असेल? चहाला थांबले की एकदा उघडणार, एकदा लागणार. अण्णा परत बसताना अजून एकदा. मंजूला लघवी लागली तर अण्णाच खाली उतरून तिला धरणार, त्यांना नातीचा लई लळा. म्हणजे अजून दोनदा. आणि ती वायर मंजूच्या पायांपासून हातभर पुढं, गालिच्याखाली. रस्त्यात कुठं धूर दिसला की माझा जीव वरखाली व्हायचा. एकदा तर शेतात कुणी धुऱ्यावरचं गवत जाळत होतं, मी अर्धा किलोमीटर देवाचं नाव घेत गेलो.

सव्वाबाराला चाकूरला पोचलो आणि तिथं हिशेब समोर उभा राहिला. ते माझ्या सव्वा तास आधी निघाले होते. एव्हाना ते अहमदपूर टाकून लोह्याकडं लागले असणार. मी मेलो तरी त्यांना गाठू शकत नव्हतो.

खरं सांगायचं तर एक नाव मला लातूरच्या वेशीवरच सुचलं होतं. चाकूरपर्यंत मी ते गिळत आलो. त्या गिळण्यात पाऊण तास गेला.

सटवाजी. लोह्याकडचा, घरची शेती, पण ह्याला हात काळे करायची आवड. आठ वर्षांपूर्वी माझ्या दुकानाला लागून त्याचं दुकान होतं. एके दिवशी त्याच्याकडं वायरिंग केलेली एक जीप माझ्याकडं दुसऱ्या कामाला आली. बघतो तर फ्यूज सीटखाली. माझं डोकंच फिरलं. मी तो डबा उपटला, त्याच्या दुकानासमोर रस्त्यावर फेकला आणि चार गिऱ्हाइकांदेखत म्हणालो, "सटव्या, ही जीप न्हाई, चिता हाय चिता. माणसं जाळायचा धंदा हाय का तुझा?" तो डबा उचलून आत गेला. हळूहळू त्याची गिऱ्हाइकं तुटली. वर्षाच्या आत त्यानं दुकान हलवलं आणि नांदेडला सिडकोजवळ, लातूर रस्त्यालाच टाकलं. तेव्हापासून आम्ही बोललेलो नव्हतो.

मी पानटपरीच्या सावलीला उभा राहिलो आणि फोन लावला. दुसऱ्या रिंगला उचलला.

"सटवाजी, मी रेवणसिद्ध बोलून राहिलो, लातूरहून."

"नंबर हाय माझ्याकडं. बोला."

"माझी मुलगी हाय गाडीत. नात हाय. नांदेडला येऊन राहिलेत, तुझ्या दुकानावरूनच जातील. फोन लागंना. गाडी थांबवावी लागंल."

"काय झालंय?"

"ॲम्प बसवला सकाळी. वायर उघडी ऱ्हायली."

"कुठून घातली?"

"डाव्या दाराच्या बिजागरीतून."

"आन् फ्यूज?"

पानटपरीवाला माझ्याकडं बघत होता. मी त्याच्याकडं पाठ केली.

"सीटखाली," मी म्हणालो.

पलीकडं कुठंतरी ग्राइंडर चालू होता, तो बंद झाला. सटवाजीनं काहीही म्हटलं असतं तर मी ऐकून घेतलं असतं. आठ वर्षांपूर्वीचं सगळं, शब्दाला शब्द, त्याला परत करता आलं असतं. ते माझ्या वाट्याला यायलाच हवं होतं.

"गाडीचा रंग कोणता?" त्यानं विचारलं.

पाऊण वाजता त्याचा फोन आला. रस्त्यावर उभा आहे, हातात लाल फडकं आहे, आता फोन बंद करत नाही, असं म्हणाला आणि तो चालू फोन त्यानं शर्टच्या खिशात टाकला. मी एका कानावर तळहात दाबून दुसऱ्या कानानं नांदेडचा रस्ता ऐकत राहिलो. ट्रक गेले. एसटी गेली. कुणीतरी त्याला विचारलं, काय झालं, तो म्हणाला, काही न्हाई, पाव्हणे यायलेत. फोन निसटेल म्हणून दोन्ही हातांनी धरला.

मग ठेका आला. आधी नुसता ठेका, गाणं नाही. धडधड, धडधड. माझं काम मला ओळखू येणार नाही? मी फोनमध्येच ओरडलो, "हीच! हीच हाय!"

"थांबा! ओ, थांबा!" सटवाजीचा आवाज. ठेका जवळ आला, मोठा झाला, आणि तसाच पुढं निघून गेला.

"गेली," सटवाजी धापा टाकत म्हणाला. "थांबलीच न्हाई. नवरात्राची वर्गणी मागायलो वाटलं जणू त्यांना. काचसुद्धा खाली केली न्हाई."

"सटवाजी..."

"थांबा."

पलीकडं मोटारसायकलची किक बसली. त्यानंतर फोनमध्ये फक्त वारा. मी चाकूरच्या रस्त्याकडेला उभा, दोन हातांत फोन, आणि नांदेडचा वारा ऐकतोय. किती वेळ गेला सांगता येणार नाही. तीन मिनिटं असतील. त्या तीन मिनिटांत मी देवीला म्हणालो, माझं दुकान घे, माझे हात घे, काय पायजे ते घे.

गोदावरीच्या पुलाच्या अलीकडं गाड्या तुंबल्या होत्या. ते मला नंतर समजलं. मला एवढंच ऐकू आलं की ठेका परत मोठा झाला, मग काचेवर कुणीतरी ठोकतंय, ठोकतंय, आणि एकदम सगळं गप्प झालं. गाणं थांबलं.

"न्हाई द्यायची वर्गणी आमाला," वीरेशचा आवाज. "गाडीसमोरून हटा."

"इंजिन बंद करा. किल्ली काढा. डावं दार उघडू नका, कोणीच. सगळे उजवीकडून उतरा."

"कोण तुम्ही?" हा आवाज चन्नबसप्पांचा.

सटवाजीनं खिशातून फोन काढल्याची खरखर आली. "तुमचे व्याही फोनवर हायेत," तो म्हणाला. "त्यांच्याशी बोला."

मला वाटलं होतं की तो काहीतरी सांगून निभावून नेईल. पण कसं नेणार, आणि का? हे त्यानं माझ्यावरच टाकलं, ते बरोबरच होतं.

"अण्णा," मी म्हणालो, "चूक माझी हाय. सकाळी वायरीला नळी घालायची ऱ्हायली. फ्यूज बी चुकीच्या जागी बसवलाय. वायर पेटू शकती. पोरीला, मंजूला आधी खाली घ्या. हा माणूस सांगंल तसं करा."

दारं वाजली. मंजू 'आलं का माहूर?' विचारत होती. बॉनेट उघडल्याचा आवाज आला, मग पान्याचा.

"बॅटरी सोडली," सटवाजी म्हणाला. मी तिथंच पानटपरीच्या फळीवर बसलो.

"बघतो आता." थोडा वेळ गेला. "सोललीय. वरचं रबर पार कापलंय, तांबं दिसायलंय. पत्र्यावर काळे डाग पडलेत, तीन-चार तारा जळून तुटल्यात." तो थांबला. "अजून एक-दोनदा दार लागलं असतं तर..."

"मामा," हा वीरेश, आवाज पार उतरलेला, "लोह्याच्या फुडं दोनदा गाणं अटकलं. मला वाटलं पेनड्राइव्ह खराब हाय."

"फोन का उचलला न्हाईत, बापू?"

"एकदा दिसला होता मामा. वाटलं, आवाज कमी करा म्हणायला करून राहिलात."

"ही सगळी वायर काढून टाकतो," सटवाजी म्हणाला. "गाणं वाजणार न्हाई. गाडी चांगली हाय, माहूरला जाऊन येतील आरामात."

"सटवाजी, त्या दिवशी मी..."

"हात गुतलेत माझे. मंग बोलू." आणि त्यानं फोन दुसऱ्या कुणाच्या तरी हातात दिला.

"रेवणप्पा."

चन्नबसप्पा गाडीपासून लांब गेले असावेत, मागची गडबड कमी झाली होती. मी फळीवरून उठून उभा राहिलो. फोनवर होतो तरी उभा राहिलो. आता ऐकायचं होतं: अपशकुन, नवी गाडी, देवीची वाट. मी मनाची तयारी केली होती.

"सकाळी तुमाला ठावं व्हतं का हे?" त्यांनी विचारलं. "असं बसवलं तर जळू शकतं म्हणून?"

"हाव, अण्णा."

"आन् तुमी गप बसलात."

"तुमी न्हाई म्हणालात, म्हणून..."

"मी कापड इकणारा माणूस. मला काय कळतंय वायरीतलं? मी न्हाई म्हणलो आन् तुमी ऐकून घेतलं?" त्यांचा आवाज चढला होता. सात वर्षांत पहिल्यांदा मी त्यांचा चढलेला आवाज ऐकला. "माझी नात बसली व्हती त्या सिटवर. तुमची बी नात हाय की ती! माझी गचांडी धरून सांगायचं व्हतं, की म्हाताऱ्या, तुला समजत न्हाई, गप बस. गाडी घरी ठेवून एसटीनं गेलो असतो माहूरला. तुमी मला 'बरं' म्हणालात, रेवणप्पा."

ज्याला मी इतकी वर्षं त्यांचा मान समजत होतो ते नुसतं भित्रेपण होतं, आणि ते त्यांना दिसलं होतं. मला लाज वाटली. रस्त्यावर फ्यूज फेकणारा मी, चार गिऱ्हाइकांसमोर ओरडणारा मी, आणि ज्या एका दिवशी ओरडायला हवं होतं त्या दिवशी माझ्या घशातून आवाज निघाला नाही.

"अण्णा, मला माफ..."

"सुकन्याला देतो," ते म्हणाले. त्यांचा आवाज भरून आला होता आणि तो मला ऐकू जाऊ नये असं त्यांना वाटत असावं.

"अप्पा."

"हाव, बाळा. बरी हायेस ना?"

"हाव." तिच्या नाकाचा आवाज येत होता. "अप्पा, सकाळी तुम्ही माझ्याकडं बघितलं. मला समजलं होतं, तुमच्या मनाला पटना ते. तुमच्या तोंडावरून समजतं मला. मी मान खाली घातली. म्हणलं, अप्पा बोलले आन् मामंजींना लागलं तर मलाच..."

"मी बी तुझ्यासाठीच गप बसलो गं."

"माहीत हाय," ती म्हणाली. "आन् मी मंजूला मांडीवर घेऊन त्या गाडीत जाऊन बसले, अप्पा."

मागं गाड्यांचे हॉर्न सुरू झाले होते, वीरेश कुणाला तरी पुढं निघा म्हणून हात करत असावा. त्यातून मंजूचा आवाज जवळ आला. ती सुकन्याचा पदर ओढत होती बहुतेक, कारण सुकन्या दोनदा 'थांब' म्हणाली.

"गाणं का बंद केलं त्या काकांनी? आई, अज्जाला सांग ना. अज्जा नीट करून देतो."

सुकन्यानं फोन ठेवला नाही. मीही कानाला धरून तसाच उभा राहिलो, आणि पानटपरीवाल्यानं न मागता पाण्याची बाटली माझ्यासमोर आणून ठेवली.